वर्षावनातील पाण्याचा ताळेबंद : अंबाजोगाईतील पेट्यांच्या प्रयोगाच्या नोंदी

५ मे

विषुववृत्तीय वर्षावनात पडलेल्या पावसाचे पुढे काय होते, आणि जंगल तोडल्यावर किंवा दुष्काळ पडल्यावर त्या हिशेबातला कोणता रकाना किती बदलतो, हे कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना स्वतः मोजून पाहता यावे, यासाठी एक संच तयार करण्याचे काम आजपासून सुरू केले आहे. अन्यत्र कोणा शिक्षकाला असाच संच करायचा असेल तर वेळ आणि पैसा वाचावा, या हेतूने या नोंदी ठेवत आहे.

हिशेब एका ओळीचा आहे. पडलेला पाऊस म्हणजे हवेत परत गेलेले पाणी, जमिनीवरून वाहून गेलेले पाणी, खाली पाझरलेले पाणी आणि मातीतल्या साठ्यात पडलेला फरक, या चारांची बेरीज. हिवरेबाजारसारख्या गावांमुळे पाण्याचा ताळेबंद ही कल्पना आपल्याकडे परिचित आहे. परंतु गावच्या ताळेबंदात हवेत गेलेले पाणी खर्ची पडते आणि तिथे तो हिशेब संपतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात वर्षाला सरासरी सुमारे २२०० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक झाडे व ओली पाने यांच्यावाटे पुन्हा हवेत जातो. तिथे हे पाणी वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या जंगलाच्या जमेच्या बाजूला येते. हा फरक मोजून दाखवता आला नाही, तर संचाचा उपयोग नाही.

९ मे

पत्राकाम करणाऱ्या कारागिराकडून ६० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि २० सेंमी खोल असे चार ट्रे करून घेतले. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आणि मजुरी धरून प्रत्येकी ७५० रुपये लागले. पुढच्या काठाला वाहून येणारे पाणी गोळा करणारी पन्हळ आहे आणि तळाला पाझराचे पाणी बाहेर काढणारे अर्धा इंची निपल आहे. ट्रेचे क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर असल्यामुळे १ मिमी पाऊस म्हणजे २४० मिलि पाणी, हे गणित विद्यार्थ्यांना तोंडपाठ झाले आहे.

चारही ट्रे पाणी भरून रात्रभर ठेवले असता दोन ट्रेच्या कोपऱ्यांतून पाणी झिरपत होते. जोड आतून एम-सीलने बुजवले. माती भरल्यानंतर अशी गळती सापडत नाही आणि ती गुपचूप पाझराच्या रकान्यात जमा होते, म्हणून ही तपासणी माती भरण्यापूर्वीच करावी.

मातीतला साठा वजनावरूनच कळतो. बाजारपेठेतील एका आडत्याने, हंगाम नसल्यामुळे, १५० किलो क्षमतेचा आणि २० ग्रॅमपर्यंत वाचन देणारा इलेक्ट्रॉनिक काटा सोयाबीन येईपर्यंत वापरायला दिला आहे. २० ग्रॅम म्हणजे या ट्रेवर ०.१ मिमीपेक्षाही कमी पाणी, त्यामुळे एवढी अचूकता आपल्या कामाला पुरते.

१६ मे

शेतातली काळी माती भरली होती. वाळल्यावर तिला पेन उभे राहील एवढ्या रुंद भेगा पडल्या. ४.८ लिटर, म्हणजे २० मिमी पाणी घातल्यावर दोन मिनिटांच्या आत तळाच्या नळीतून गढूळ पाणी येऊ लागले. भेगेपासून दोन बोटांवरची माती खुरप्याने उकरून पाहिली, तर ती कोरडी भुकटी निघाली. पाणी मातीतून गेलेच नाही, भेगांतून निघून गेले. त्यानंतर माती फुगली, भेगा मिटल्या, आणि पुढचे पाणी वरच साचून राहिले. एकाच ट्रेने एका दिवसात दोन परस्परविरोधी उत्तरे दिली.

वर्षावनाच्या प्रयोगाला ही माती चालणार नाही, याचे कारण तिच्या चिकणमातीच्या जातीत आहे. आपल्या काळ्या मातीतील खनिजे पाणी घेऊन फुगतात आणि सुकली की आकसतात. मध्य ॲमेझॉनमधील जुन्या, झिजलेल्या जमिनींतही चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे, पण ती फारशी न फुगणाऱ्या केओलिनाइट प्रकारची असून लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे तिचे बारीक, टिकाऊ कण बनलेले असतात आणि जंगलाखाली पाणी त्यांतून सहज मुरते. आपल्याकडे जमेल तेवढे जवळचे मिश्रण म्हणून दोन भाग माळावरची लाल मुरमाड माती, एक भाग काळी माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे प्रमाण ठरवले व चारही ट्रे रिकामे करून पुन्हा भरले. मे महिन्यातला एक पूर्ण आठवडा यात गेला.

पहिल्या व चौथ्या ट्रेमध्ये कर्दळ, अळू आणि हळद दाट लावून वर पालापाचोळा पसरला आहे. दुसऱ्यात हरळी आहे. ॲमेझॉनमध्ये तोडलेल्या जंगलाचा सर्वांत मोठा वाटा गुरांच्या कुरणांखाली गेला आहे, त्याचा हा नमुना. तिसरा ट्रे उघडा ठेवून त्यातली माती धुम्मसाने ठोकून घट्ट केली आहे.

२४ मे

पाऊस पाडण्याचे साधन ठरवण्यात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. झारीने पाणी सारखे पडत नाही. हात बदलला की पाऊस बदलतो. ठिबकच्या दुकानातून आणलेला मायक्रो स्प्रिंकलर टाकीतल्या पाण्याच्या पातळीप्रमाणे कमी-जास्त फवारतो आणि दुपारच्या वाऱ्यात निम्मे पाणी ट्रेबाहेर जाते. शेवटी प्लास्टिकच्या चपट्या खोक्याच्या तळाला इंजेक्शनच्या सुया ओळीने बसवल्या, खोक्यात पाण्याची उंची कायम ५ सेंमी राहील अशी तरंगत्या गोळ्याची झडप लावली आणि ते खोके लोखंडी चौकटीवर २ मीटर उंच ठेवले. सुया, खोके, झडप आणि चौकट मिळून १४०० रुपये झाले.

ट्रेच्या जागी स्टीलच्या वाट्या मांडून प्रत्येकीत पडलेले पाणी मोजले. मधल्या वाट्यांत जास्त आणि कडेच्या वाट्यांत कमी भरत होते. खोके एका मुलीने पावसाच्या पूर्ण वेळात सावकाश मागे-पुढे सरकवत ठेवले, तेव्हा फरक आटोक्यात आला. आता २० मिनिटांत २० मिमी पाऊस पडतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी पाऊस झाला की अतिवृष्टी नोंदवली जाते. त्या मापाने आमची सर जोरकस आहे. मात्र २ मीटरवरून पडणाऱ्या थेंबाला खऱ्या थेंबाचा पूर्ण वेग मिळत नाही, म्हणून उघड्या मातीवर होणारा मारा इथे प्रत्यक्षापेक्षा कमीच दिसेल, हे लक्षात ठेवावे.

२ जून

सुरुवातीला हिशेब जुळत नव्हता. ४.८ लिटर घालूनही वाहिलेले, पाझरलेले आणि वजनात वाढलेले पाणी मिळून ४.३ लिटरच्या वर जात नव्हते. विद्यार्थ्यांनी आजूबाजूला जुन्या वर्तमानपत्राचे कागद पसरले, तेव्हा थेंब मातीवर आपटून काठाबाहेर उडत असल्याचे डाग दिसले, आणि सर्वांत जास्त डाग उघड्या ट्रेभोवती होते. काठांवर पत्र्याची आणखी एक पट्टी बसवल्यावर तूट १०० मिलिच्या आत आली. त्यानंतरचीच आकडेवारी ग्राह्य धरली आहे.

एकाच मापाच्या सरीनंतर दाट झाडांच्या ट्रेमधून ०.३ लिटर पाणी वाहिले, १.४ लिटर पाझरले आणि ३.० लिटर माती व पाने यांनी धरून ठेवले. हरळीच्या ट्रेमधून १.० लिटर वाहिले, १.१ लिटर पाझरले आणि २.६ लिटर राहिले. ठोकलेल्या उघड्या ट्रेमधून २.९ लिटर वाहून गेले, पाझर जेमतेम ०.२ लिटर झाला आणि १.६ लिटर राहिले. पाऊस तिन्ही ट्रेना सारखाच होता.

तरीही पुढच्या दिवसांतली वजने मला जास्त महत्त्वाची वाटतात. पाझर थांबल्यानंतर पहिल्या दिवशी दाट ट्रेचे वजन १.६ किलोने आणि उघड्या ट्रेचे १.० किलोने घटले. म्हणजे पहिल्या दिवशी उघडी मातीही बरेच पाणी हवेत सोडते. तिसऱ्या दिवशी मात्र उघड्या ट्रेची घट ०.३ किलोवर आली आणि दाट ट्रेची १.२ किलो होती. उघड्या मातीचा वरचा पापुद्रा वाळला की खालचे पाणी वर येण्याची वाट जवळजवळ बंद होते. झाडाला तो अडथळा नाही, कारण त्याची मुळे पापुद्र्याखालून पाणी घेतात.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १.६ किलो म्हणजे दिवसाला साडेसहा मिमीहून अधिक होतात, तर ॲमेझॉनच्या जंगलाची रोजची सरासरी साडेतीन मिमीच्या आसपास असते. जून उजाडतानाची आपली कोरडी, तापलेली हवा लहानशा ट्रेला चारही बाजूंनी लागते, म्हणून हा आकडा फुगलेला आहे. ट्रेंची एकमेकांशी तुलना करावी. ट्रेची जंगलाशी करू नये.

११ जून

चौथ्या ट्रेवर पारदर्शक पॉलिथिनचा घुमट बसवून बाष्प आतच राहील अशी व्यवस्था केली. पहिल्याच कडक उन्हात अळूची पाने करपली. पन्नास टक्के सावलीची शेडनेट वर बांधली आणि झाडे नव्याने लावली. त्यानंतर ट्रेचे वजन दिवसाला १०० ग्रॅमपेक्षाही कमी घटते आहे. पानांतून गेलेले पाणी घुमटाच्या आतल्या बाजूला थेंब धरून पुन्हा मातीत उतरते.

दिसायला हा ट्रे फार परिणामकारक आहे, पण तो वर्षावनाचा नमुना म्हणून ठेवायचा नाही असे ठरवले. यात बाहेरून पाणी येत नाही आणि नदीही वाहत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अटलांटिक महासागरावरून व्यापारी वारे सतत बाष्प आणतात, आणि नदी सरासरी सेकंदाला सुमारे २ लाख घनमीटर पाणी समुद्रात परत टाकते. वर्षावन स्वतःचा पाऊस स्वतःच निर्माण करते, असा सोपा समज बंद घुमटाने घट्ट होतो. वाऱ्याची दिशा दाखवणारा संच हवा.

याच आठवड्यात दुष्काळाच्या चाचणीसाठी २०० मिमी व्यासाचे पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, एक १.२ मीटर आणि दुसरा ३० सेंमी उंचीचा, त्याच मिश्रणाने भरून दोन्हींत तूर पेरली.

२८ जून

खरा पाऊस सुरू झाला आहे. आवारातील चिंचेखाली आणि मोकळ्या जागेत एकाच मापाचे डबे ठेवून पर्णछत्र किती पाऊस अडवते ते मोजले. ४ मिमीच्या रिमझिमीत झाडाखाली सरासरी १.९ मिमीच पोहोचला. ३८ मिमीच्या पावसात ३२ मिमी खाली आला. पाने ओली होऊन भरली की पुढचे पाणी गळतेच, त्यामुळे अडवलेल्या पावसाची टक्केवारी सरीच्या आकारावर अवलंबून असते. ॲमेझॉनमधील मोजणींत हा वाटा साधारण दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास येतो आणि तो जमिनीला न लागताच हवेत परततो.

झाडाखालच्या दोन डब्यांत मोकळ्या जागेपेक्षाही जास्त पाणी भरले. तिथे वरच्या फांद्यांची टोके एकवटून धार पडते. डबे एकाच जागी ठेवल्यास सरासरी चुकते, म्हणून प्रत्येक पावसानंतर त्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून बदलत आहोत. खोडावरून उतरणारे पाणी मोजण्यासाठी चिरलेल्या रबरी नळीचा पट्टा सिलिकॉनने चिकटवला होता. चिंचेच्या सालीच्या खोल चिरांतून पाणी त्याच्या मागून निघून गेले. हा भाग सोडून दिला. बहुतेक जंगलांत हे पाणी एकूण पावसाच्या काही टक्क्यांपेक्षा जास्त नसते.

१३ जुलै

वाऱ्याच्या दिशेचा संच असा केला : झाकणाचे साठ लिटरचे तीन पारदर्शक डबे तीन इंची पाइपने एका ओळीत जोडले, पहिल्या डब्याच्या तोंडाला संगणकातला १२ व्होल्टचा लहान पंखा लावला, पहिल्या दोन डब्यांत हळद व अळूच्या कुंड्या ठेवल्या, आणि तिसऱ्यात गोठवलेल्या पाण्याच्या चार बाटल्या टांगून त्यांवर जमलेले पाणी नरसाळ्यातून मोजपात्रात पडेल अशी सोय केली. बर्फ चौकातल्या रसवंतीवाल्याच्या फ्रीजरमध्ये होतो. थंड बाटल्या म्हणजे पाऊस पाडणारी उंच, थंड हवा, असे मानायचे.

पहिल्या वाचनांनी मोठी अडचण उभी केली. कुंड्या काढून तिन्ही डबे रिकामे ठेवले तरी तीन तासांत ६० मिलिच्या आसपास पाणी जमत होते, कारण जुलैतली बाहेरची हवाच दमट आहे. मे महिन्यात हाच प्रयोग केला असता तर हे दिसले नसते. आज पेट्या सावलीत हलवल्या, पंख्याचा वेग तपासला. आकडा हलला नाही.

१९ जुलै

उपाय सापडला आणि तो संचाला अधिक खरा करणारा आहे. तसाच एक चौथा डबा, तसाच पंखा आणि तेवढ्याच बर्फाच्या बाटल्या घेऊन, पण झाडांविना, शेजारी ठेवला. या डब्यात जमणारे पाणी म्हणजे समुद्रावरून आलेल्या बाष्पाचा वाटा, आणि साखळीत त्याहून जास्त जमते ते झाडांनी भर घातलेले. तिन्ही डबे रिकामे ठेवून पडताळले असता साखळी आणि चौथा डबा यांतला फरक ५ मिलिच्या आत राहिला.

दरम्यान वीज जात राहिल्यामुळे अर्ध्यावर थांबलेली अनेक वाचने टाकून द्यावी लागली. एका विद्यार्थ्याने घरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी आणून दिली आणि तो प्रश्न मिटला. इतरांनी सुरुवातीपासूनच बॅटरीवर जावे.

२७ जुलै

झाडांविना असलेल्या डब्यात ६२ मिलि, झाडांच्या साखळीत १०४ मिलि. दुसऱ्या दिवशी मधल्या डब्यातील कुंड्या काढून तिथे कोरडी वाळू ठेवली : झाडांविना ६० मिलि, साखळीत ८१ मिलि. पहिल्या डब्यातली झाडे तीच होती, तिसऱ्यातला बर्फ तेवढाच होता, पंखा तोच होता. मधली झाडे गेली आणि पुढच्या पेटीतला पाऊस घटला.

ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सलाती यांनी १९७० च्या दशकात हीच गोष्ट पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून, ओळखली. जड ऑक्सिजन असलेले पाणी आधी बरसते, म्हणून समुद्रापासून आत जावे तसे पावसातले जड ऑक्सिजनचे प्रमाण घटत जायला हवे. ॲमेझॉनमध्ये ते अपेक्षेइतक्या वेगाने घटत नव्हते, कारण झाडे जमिनीत मुरलेले पाणी पुन्हा हवेत सोडत होती. पुन्हा वापरल्या जाणाऱ्या पावसाचा हा वाटा तेव्हा निम्म्याच्या आसपास मानला गेला; नंतरचे अनेक अंदाज एक चतुर्थांश ते एक तृतीयांश या पट्ट्यात येतात. हे बाष्प अँडीज पर्वताला अडून दक्षिणेकडे वळते आणि ब्राझीलच्या दक्षिण भागापर्यंत व पराग्वे-अर्जेंटिनाच्या शेतीपर्यंत पाऊस नेते.

खोऱ्यातले सुमारे १७ टक्के जंगल आजवर नाहीसे झाले आहे. ॲमेझॉनचे अभ्यासक थॉमस लव्हजॉय आणि कार्लोस नोब्रे यांनी २०१८ मध्ये असा इशारा दिला की २० ते २५ टक्के तोड झाल्यावर पूर्व, दक्षिण आणि मध्य ॲमेझॉनमध्ये जंगलाला पुरेसा पाऊसच उरणार नाही. दक्षिण भागात कोरडा हंगाम लांबलेला आजच दिसतो. आमच्या मधल्या डब्याच्या आकड्यावरून अशी कोणतीही मर्यादा काढता येत नाही आणि तसे कोणी करू नये. परिणाम कोणत्या वाटेने होतो, एवढे मात्र त्यातून स्वच्छ दिसते.

ढगाळ दिवसांत ट्रेंच्या वजनांनीही एक बाब शिकवली. माती पूर्ण ओली असताना दाट ट्रेची घट दिवसाला ०.४ किलोवर आली होती. उघडीप पडताच ती पुन्हा एक किलोच्या वर गेली. पाण्याची ददात नसेल तेव्हा झाडे किती पाणी सोडतात हे ऊन ठरवते. म्हणूनच मध्य व पूर्व ॲमेझॉनमध्ये कोरड्या महिन्यांतही, आकाश निरभ्र असल्यामुळे, जंगल हवेत सोडत असलेले पाणी घटत नाही, काही ठिकाणी वाढते. ते पाणी कोठून येते, याचे उत्तर पाइपमधल्या तुरीने द्यावे अशी अपेक्षा आहे.

२० ऑगस्ट

नेहमीप्रमाणे ऑगस्टात पावसाने ओढ दिली, तरी अधूनमधून शिंतोडे येत होते. तुरीच्या खोडाभोवती प्लास्टिकचा कागद छत्रीसारखा बांधून दोन्ही पाइपांत पाऊस जाणार नाही अशी व्यवस्था केली. हीच युक्ती ॲमेझॉनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे : तापाजोस राष्ट्रीय वनात २००० पासून एक हेक्टर जंगलाखाली प्लास्टिकचे पॅनेल बसवून, झाडांखाली पोहोचणारा पाऊस बाहेर वळवण्यात आला आणि जंगल दुष्काळ कसा सोसते ते पाहिले गेले.

सुरुवातीला दोन्ही पाइप पूर्ण भिजवले होते. ३० सेंमीच्या पाइपातील तुरीने पाचव्या दिवशी दुपारी पाने मिटून खाली टाकली आणि सकाळीही ती पूर्ववत झाली नाहीत. वजनातली घट दिवसाला ३०० ग्रॅमवरून ४० ग्रॅमवर आली. १.२ मीटरच्या पाइपातील तूर, तेच बियाणे आणि तेवढेच ऊन असताना, दोन आठवडे उलटूनही दिवसाला २५० ग्रॅमच्या खाली गेली नव्हती. परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल नेपस्टाड आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले की पूर्व ॲमेझॉनमधील सदाहरित झाडांची मुळे ८ मीटरपेक्षाही खोल जातात आणि कोरड्या महिन्यांत तिथले पाणी वर आणतात. जंगल जाऊन उथळ मुळांचे कुरण आले की कोरड्या हंगामात हवेला मिळणारे नेमके हेच पाणी घटते.

खोल मुळांचा साठाही अमर्याद नाही. प्रशांत महासागराचे विषुववृत्तीय पाणी तापते त्या एल निनोच्या वर्षांत (१९९७-९८, २०१५-१६, २०२३-२४) किंवा २००५ प्रमाणे उत्तर अटलांटिकचे उष्णकटिबंधीय पाणी तापल्यावर पाऊस दीर्घकाळ घटतो आणि झाडे मरू लागतात. ब्राझीलमधील माणाउस बंदरात रिओ नेग्रो या ॲमेझॉनच्या उपनदीची पातळी १९०२ पासून मोजली जाते. जून २०२१ मध्ये ती ३० मीटरच्या वर, आजवरच्या उच्चांकावर होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच मोजपट्टीवर तोवरचा नीचांक नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी तोही मोडला. निसर्गातले चढउतार पूर्वीही होते. तोडीमुळे हवेत परतणारे पाणी घटलेले असताना असा दुष्काळ येतो, तेव्हा दोन्हींचा भार एकाच रकान्यावर पडतो. ही बाब समजावताना आम्ही मधला डबा रिकामा ठेवून शिवाय पंख्याचा वेग कमी केला, म्हणजे बाहेरून येणारे बाष्पही घटवले : साखळीतले पाणी एकेका बदलाने घटले होते त्याहून बरेच खाली गेले.

लांब पाइपचे वजन साठ किलोच्या पुढे जाते. तो रोज उचलणे विद्यार्थ्यांसाठी सुरक्षित नाही. काटाच पाइपखाली कायम ठेवला आणि ट्रेसाठी दुसरा लहान काटा महिन्याला ५०० रुपये भाड्याने आणला.

१४ सप्टेंबर

ठोकलेला ट्रे पूर्ववत होतो का, याची चाचणी केली. खुरप्याने वरची माती मोकळी केल्यावर पहिल्या सरीत वाहून जाणारे पाणी २.९ लिटरवरून १.५ लिटरवर आले, पण दोन सरींनंतर थेंबांच्या माऱ्याने पुन्हा पापुद्रा धरला आणि ते २.४ लिटरवर गेले. मग खुरपणी न करता फक्त पालापाचोळ्याचा बोटभर थर दिला : ०.९ लिटर, आणि हा आकडा पुढच्या सरींतही टिकला.

याच टप्प्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, जंगल तोडल्यावर नदीला पाणी जास्त येतं असंच आपल्या ट्रेवरून दिसतंय ना? मग धरणं भरायला ते चांगलंच म्हणायचं का?” तिचे निरीक्षण बरोबर आहे आणि ते दडपून पुढे जाऊ नये. ब्राझीलमधील तोकांतिन्स नदीच्या खोऱ्यात शेती व कुरणे वाढल्यावर, पाऊस फारसा न बदलताही, नदीचा प्रवाह वाढल्याचे आढळले आहे. झाडांनी हवेत न सोडलेले पाणी नदीत येते. ते पावसाळ्यात एकदम येते, सोबत माती आणते, आणि पाझर घटला असेल तर उन्हाळ्यातला प्रवाह क्षीण होऊ शकतो. तोड इतकी पसरली की वाऱ्याच्या दिशेने पुढचा पाऊसच घटतो, तेव्हा नदीची ही वाढही उरत नाही. किती क्षेत्रावरची तोड आहे हे सांगितल्याशिवाय ‘जंगल तोडल्यावर नदीचे पाणी वाढते की घटते’ या प्रश्नाला उत्तर नाही. ट्रे पहिला परिणाम दाखवतो, डब्यांची साखळी दुसरा. दोन्ही शेजारी मांडल्याशिवाय संच अपुरा आहे.

४ ऑक्टोबर

पालकांसाठी प्रदर्शन झाले. धारूरकडच्या एका शेतकरी पालकांनी साखळीसमोर बराच वेळ थांबून विचारले, “सर, म्हंजे मी बांधाला झाडं लावली तर माझ्या रानात पाऊस वाढंल का?”

त्यांना स्पष्टपणे सांगितले, “नाही काका, बांधावरच्या झाडांनी तुमच्या रानातला पाऊस वाढणार नाही.” मोसमी वारे वाहत असताना आपल्या झाडांनी सोडलेले बाष्प पूर्वेकडे दूर निघून जाते, आणि शंभर-दोनशे झाडांचा वाटा तिथेही मोजता येणार नाही इतका थोडा असतो. ॲमेझॉनमध्ये हा हिशेब जमतो, कारण वाऱ्याच्या वाटेवर सलग हजारो किलोमीटर जंगल आहे. आपल्या देशात पश्चिम घाटाच्या वनांतून निघालेल्या बाष्पाचा तमिळनाडूच्या मोसमी पावसाला हातभार लागतो, असे आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी दाखवले आहे; तीही सलग, विस्तीर्ण वने आहेत. आपल्याकडे सरासरी ७०० ते ८०० मिमी पाऊस आहे, आणि झाड तर पाणी पिणारच. विहिरीजवळ कोणते झाड लावायचे हा पाण्याच्या खर्चाचाच प्रश्न आहे.

त्यानंतर त्यांना ट्रेंकडे नेले. त्यांच्या हाती असलेले रकाने तिथे आहेत : पाचोळा जागेवर ठेवला आणि उतार गुरांच्या पायांनी घट्ट होऊ दिला नाही, तर त्याच पावसातले वाहून जाणारे पाणी २.९ लिटरवरून ०.९ लिटरवर येते. त्यांनी दोन्ही बाटल्या उचलून शेजारी धरल्या आणि काळ्या पाण्याची बाटली हलवून तळाशी बसलेली माती पाहिली. “ही तर माझीच माती चालली की,” असे ते म्हणाले. “नाथसागर भरतो तो नाशिककडच्या पावसावर; आमच्या हातात एवढंच.” नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचे, हे वास्तव या भागात सर्वांना माहीत आहे, आणि पाऊस एका ठिकाणी पडतो व त्याचा हिशेब दुसरीकडे मांडावा लागतो हे समजावायला याहून जवळचे उदाहरण नाही.

१९ ऑक्टोबर

सोयाबीनची आवक सुरू झाल्यामुळे आडतीचा काटा परत केला. वजने इथे थांबतात.

खर्च असा झाला : ट्रे ३००० रुपये, पावसाचे खोके व चौकट १४०० रुपये, चार डबे, पंखे व पाइप मिळून २२०० रुपये, पीव्हीसीचे दोन तुकडे ९०० रुपये, लहान काट्याचे दोन महिन्यांचे भाडे १००० रुपये, किरकोळ वस्तू ६०० रुपये, एकूण ९१०० रुपये. काटा आणि बॅटरी उसन्या मिळाल्या नसत्या तर हा आकडा दुप्पट झाला असता.

पुढच्या वर्षी करणाऱ्यांनी पुढील बदल करावेत. काळी माती टाळावी. डब्यांच्या साखळीची वाचने मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा घ्यावीत, म्हणजे बाहेरून येणारे बाष्प कमी-जास्त झाल्यावर झाडांच्या वाट्याचे महत्त्व कसे बदलते तेही दिसेल. आमच्याकडे मे महिन्याची वाचने नाहीत. तूर जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरावी आणि प्रत्येक उंचीचे किमान तीन पाइप ठेवावेत, कारण एकेका झाडावरून काढलेला निष्कर्ष एखाद्या किडीनेही बिघडू शकतो. लांब पाइप भरताना माती थरांनी, थोडे थोडे पाणी देत भरावी. आमच्या पाइपमध्ये वरून साठ सेंमीवर पोकळी राहिली होती, ती ऑगस्टात माती अचानक खाली बसल्यावर लक्षात आली, आणि तेव्हा तिथे नवी माती घालणे मुळांमुळे शक्य नव्हते.